गोचिड्यांचे दहा दिवस

धार काढता काढता वहिनीच्या बोटांना सडाच्या बुडाशी काहीतरी टणक लागलं. वाकून बघायची गरज नव्हती. गेले दोन महिने तिची बोटं हेच चाचपत होती. एरंडाच्या बीएवढी फुगलेली, करड्या रंगाची, पाय आत ओढून बसलेली गोचीड. तिनं चिमटीत धरून ती ओढली, तशी तांबडीनं पाय झाडला. चरवी लवंडली आणि दूध शेणातून वाट काढत नालीला लागलं.

"काय झालं?" गोठ्याच्या दुसऱ्या टोकाकडून थोरल्यानं विचारलं.

"काही नाही. गाय हलली."

"गाय हलत नाही. हलवली की हलते."

थोरला म्हणजे तिचा नवरा. घरात दोघे भाऊ, म्हणून आळीत हा थोरला, दुसरा धाकटा आणि ती सगळ्यांची वहिनी. नवरासुद्धा चारचौघांत तिला वहिनीच म्हणायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "अख्ख्या आळीची वहिनी आहे, मी एकट्यानं कशाला वेगळं काढू?"

पण शिंगाळी गाय गेल्यापासून तो हसला नव्हता. महिनाभरापूर्वी शिंगाळीला ताप भरला, मूत काळ्या चहासारखं झालं आणि तिसऱ्या दिवशी ती गव्हाणीत मान टाकून पडली ती उठलीच नाही. गोचिड्यांचा ताप, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दहांतली एक गेली, नऊ उरल्या. थोरल्यानं दुकानातून फवारायचं औषध आणलं. पहिल्या फवारणीला गोचिड्या पटापट गळाल्या. दुसऱ्या वेळी निम्म्या गळाल्या. तिसऱ्या वेळी तर त्यांनी औषध अंगावर घेऊन बाळसंच धरलं.

त्या सकाळी दूध घालून झाल्यावर दोघांनी गायी सोडल्या आणि माळाकडे हाकल्या. माळ म्हणजे पंधरा घरांची मिळून एक चरण. चारी बाजूंनी काटेरी कुंपण, एकच फाटक, आणि फाटकावर मुकादम. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. त्याची जनावरं सगळ्यांत जास्त, आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून फाटकाची किल्ली त्याच्याकडे.

त्या दिवशी फाटक उघडं असूनही दांडा आडवा टाकलेला होता.

"थांब जरा," मुकादम म्हणाला आणि पुढच्या गायीचा कान त्यानं रुमाल झटकावा तसा उलटा केला. आत गोचिड्यांची रांग होती. मोठ्या, मधल्या, आणि मोहरीएवढी पिल्लं.

मागे पाच-सहा घरांची जनावरं येऊन थांबली होती. माणसं पुढे सरकून बघू लागली.

"बघा," मुकादम म्हणाला, "माझ्या गायी इथंच चरतात. यांच्या गोचिड्या माझ्या गवतावर गळणार, माझ्या गायींवर चढणार. शिंगाळी गेली तेव्हा मी बोललो नाही. दुखवट्याच्या घरात बोलू नये. आता बोलतो."

"औषध मारलंय," थोरला म्हणाला.

"कुणाला? गोचिड्यांना की गायींना?"

मागून कुणीतरी हसलं. थोरल्याच्या मानेची शीर फुगली. तो पाच फूट दहा इंचाचा गडी, उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा. आता तो खाली बघत उभा होता.

"दहा दिवस आणखी चारा," मुकादम म्हणाला. "त्या पलीकडच्या कोपऱ्यात. दहाव्या दिवशी मी एकेक जनावर बघणार. गोचीड दिसली तर माळ बंद."

माळ बंद म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती. घराची जमीन एक तुकडा. त्यावरच्या चाऱ्यानं नऊ जनावरांचा महिनासुद्धा निघाला नसता. मग एकेक करून गायींना बाजार दाखवावा लागला असता, आणि कानात गोचिड्यांची रांग असलेली गाय कोण घेतं?

घरी आल्यावर थोरल्यानं औषधाची बाटली उचलली आणि उजेडात धरून किती उरलंय ते पाहिलं.

धाकटा संध्याकाळी कामावरून आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. तो गवती चहाचं तेल काढायच्या भट्टीवर कामाला होता. मोठ्या हंड्यात गवत कोंबायचं, खाली जाळ लावायचा, वाफ नळीतून थंड पाण्यातून न्यायची आणि वर तरंगलेलं पिवळं तेल काढून घ्यायचं. तीन वर्षांपूर्वी त्यानं गायींचं काम सोडलं, ते थोरल्याला अजून पचलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता. थोरल्यानंच त्याला धारेचं दूध पाजून वाढवलं होतं. "गवत गायीच्या पोटात घालायचं सोडून हा हंड्यात घालतो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

वहिनी चुलीपाशी होती. धाकटा हळूच म्हणाला, "वहिनी, भट्टीवर गवताच्या गाडीचा बैल आहे ना, तो उकळलेल्या चोथ्यावरच बसतो दिवसभर. आज मुद्दाम त्याचे कान बघितले. एक गोचीड नाही."

"एकही नाही?"

"शपथ घेऊन सांगतो. वासालाच पळत असतील."

त्यानं खिशातून औषधाची जुनी बाटली काढली. बोटभर पिवळं तेल होतं. बूच काढताच घरभर वास पसरला, नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणणारा.

"दादाला सांगू नकोस," तो म्हणाला. "आधी एका जनावरावर बघ. चाललं तर सांगू."

"किती लावू?"

"लाव की थोडं."

त्या 'थोडं'नंच घात केला.

दुसऱ्या दिवशी थोरला चारा आणायला गेल्यावर वहिनीनं कालवडीला धरलं. नऊ जनावरांत ती सगळ्यांत लहान, तिच्या मानेखाली गोचिड्यांचा गळपट्टाच झाला होता. वहिनीनं कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि कानात, मानेखाली, जांघेत नीट चोळला. क्षणभरात गोचिड्या वळवळू लागल्या. काहींनी तोंड सोडलं आणि पटकन खाली पडल्या. तिनं आणखी एक बोळा बुडवला.

तासाभरानं कालवड खांबाला मान घासायला लागली. मग ओरडायला लागली. मानेखालची कातडी लाल झाली, ओली झाली, आणि दुपारपर्यंत तिच्यावर फोड आले. थोरला भारा घेऊन आला तेव्हा कालवडीनं दावं तोडलं होतं आणि ती अंगणात गोल गोल पळत होती. शेजारच्या घरातली माणसं भिंतीवरून बघत होती.

त्यानं भारा टाकला, कालवडीला कवेत धरलं आणि मानेचा वास घेतला. वास ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"साबण आण," तो म्हणाला. "पाणी आण."

तो स्वतः तासभर कालवडीला धूत बसला. वहिनी बादल्या आणून ओतत राहिली. तो तिला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी धाकटा दारात दिसला तेव्हा मात्र तो उभा राहिला.

"तुझ्या भट्टीत गवत उकळ," तो म्हणाला. "माझ्या गायी उकळू नकोस."

"दादा, माझी चूक झाली, पण गोचिड्या पडल्या होत्या, वहिनीला विचार..."

"कातडी सोलली तरी गोचिड्या पडतात."

धाकटा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि मग न जेवता परत भट्टीवर झोपायला गेला.

तिसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. उन्हानं रापलेल्या, बुटांना कायम शेण लागलेलं, तोडून बोलणाऱ्या बाई. थोरला गायी घेऊन माळाच्या कोपऱ्यात गेला होता. बाईंनी कालवडीला मलम लावलं आणि बाटलीचं बूच काढून वास घेतला.

"हे असंच लावलंत? काही न मिसळता?"

वहिनीनं मान हलवली.

"मीठ चांगलं म्हणून कुणी मूठभर खातं का? हे तेल म्हणजे एवढ्या मोठ्या हंड्यातल्या गवताचा बोटभर अर्क. वाटीभर एरंडेलात साठ थेंब. त्याच्या वर नाही. आणि तेही डोळ्यांजवळ, सडांवर अजिबात नाही."

"म्हणजे लावता येतं?"

"लावता येतं. पण जादू नाही ही. दोन-चार दिवसांत उडून जातं, परत लावावं लागतं. अंगभर फवारायला कडुनिंबाच्या बियांचं पाणी करा, त्यात थोडा साबण घाला. आणि मला सांगा, गोचीड गायीवर जन्मते का?"

वहिनीला कळेना.

बाईंनी गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत काडी घातली आणि फिरवून बाहेर काढली. काडीला साबुदाण्यासारख्या तपकिरी अंड्यांचा गोळा चिकटला होता. "गाय हा त्यांचा खाण्याचा डबा. घर हे आहे. तुम्ही डबा धुताय आणि घर तसंच ठेवताय."

जाता जाता त्या थांबल्या. "पुढचं काहीही कातडीवर घालण्याआधी बाटलीत गोचिड्या घालून बघा. कशात किती मरतात ते. आणि मालकांना सांगा, ते दुकानातलं औषध वाढवू नका म्हणावं. गोचिड्या त्याला सरावल्यात. माणूस सरावत नाही."

वहिनीनं सांगितलं. जेवण वाढताना सांगितलं, म्हणजे त्याला उठून जाता येणार नाही. थोरल्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पंचवीस वर्षं गायी राखतोय," तो म्हणाला, "आणि आता मी वाटीत थेंब मोजू?"

"मी मोजते."

"तू मोजलेस ते कालवडीच्या मानेवर दिसतायत."

वहिनीचा हात वाढता वाढता थांबला. तिनं भांडं खाली ठेवलं आणि आत गेली.

चौथ्या दिवशी दुपारी ती कडुनिंबाच्या बिया वेचायला ओढ्याकडे गेली होती. अर्धं पोतं तिला पुरेसं वाटलं. ती पोतं डोक्यावर घेऊन तरातरा निघाली. अंगणात शिरली तेव्हा गोठ्याची दोन्ही दारं बंद होती. भर दुपारी गोठ्याची दारं कोण लावतं?

दार ढकललं तसा उग्र वास अंगावर आला. लसूण कुजावा तसा. आत धुकं होतं. गायी दाव्यांना ताणून ओरडत होत्या. औषध वाया जाऊ नये म्हणून थोरल्यानं दारं लावून घेतली होती आणि झाकणभराच्या जागी तीन झाकणं ओतली होती. तोंडावर एक साधा फडका बांधलेला. तो आता खाली सरकला होता आणि थोरला गव्हाणीला पाठ लावून बसला होता.

"उठा," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. तोंडातून लाळ गळत होती. घामानं सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं.

वहिनीनं त्याच्या काखेत हात घातले. तो तिच्या दुप्पट वजनाचा. ती ओढत राहिली. एक पाऊल, थांब, एक पाऊल. उंबऱ्यावर त्याचे पाय अडकले तेव्हा तिनं शेजारी हाक मारली, आणि ती हाक अशी होती की भिंतीवरून कुणी बघत बसलं नाही. माणसं सरळ उडी मारून आली.

"कपडे काढा त्यांचे! सगळे! पाणी ओता!"

"अहो वहिनी, चारचौघांत..."

"काढा म्हणते ना!"

तिनंच सदरा फाडला. साबणानं छाती, हात, मान, केस घासले. शेजाऱ्यानं बादल्या ओतल्या. त्याला उलटी झाली. कुणीतरी भट्टीवर पळालं. धाकटा तेलाच्या पिंपांचा टेम्पोच घेऊन आला, मागची पिंपं अजून खडखडत होती. चौघांनी थोरल्याला उचलून आत ठेवलं.

"बाटली!" वहिनी ओरडली. "ही बाटली डॉक्टरला दाखव. हेच अंगावर गेलंय म्हणावं. नाव वाचून देतील ते औषध."

"तू चढ ना वहिनी!"

तिनं टेम्पोच्या फळीला हात लावला. मग गोठ्याकडे बघितलं. आत नऊ जनावरं होती, आणि त्यांच्याही अंगावर तेच होतं. तांबडीच्या तोंडातून लाळेची तार लोंबताना इथूनही दिसत होती.

"तू जा," ती म्हणाली. "मी मागून येते."

टेम्पो गेला. तिनं दोन्ही दारं सताड उघडली, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, गायी एकेक करून बाहेर काढल्या आणि विहिरीच्या कट्ट्याजवळ धुवायला लागली. आळीतल्या बायका उभ्या राहून बघत होत्या.

"नवरा तिकडे मरणाच्या दारात," एकजण हळू पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आणि ही बाई गायी धुतेय."

वहिनीनं वर बघितलं नाही. नवरा वाचून घरी आला आणि गोठा रिकामा दिसला तर तो पुन्हा आजारी पडेल, आणि त्या दुखण्याला दवाखाना नाही, एवढंच तिला कळत होतं. नऊच्या नऊ धुऊन होईपर्यंत ऊन कलायला आलं. मग ती ओल्या कपड्यांनिशी दवाखान्यापर्यंत चालत गेली.

थोरला खाटेवर होता. हाताला नळी लावलेली. विष उतरवायच्या सुया टोचून टोचून त्याच्या बाहुल्या आता उलट मोठ्या झाल्या होत्या आणि तोंड कोरडं पडलं होतं. तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता, पण दिसत होती की नाही देव जाणे.

"तांबडी?" त्यानं विचारलं.

"आहे."

"कालवड?"

"सगळ्या आहेत."

त्यानं डोळे मिटले. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या अंगाला अजून गवताचा वास येत होता. बाहेरच्या ओसरीवर आल्यावर तो एकदम रडायला लागला. "मी त्याला सोडून भट्टीवर गेलो वहिनी, नाहीतर फवारायला मी असतो."

"मग तू त्या खाटेवर असतास," वहिनी म्हणाली. "रडू नकोस. तेल किती मिळेल तुला?"

पाचव्या दिवशी धाकट्यानं भट्टीवर रजा सांगितली. मालकानं आधी डोळे वटारले, मग कारण ऐकून एक भरलेली बाटली हातात ठेवली. दोघांनी गायींच्या अंगावरून गोचिड्या वेचून खिडकीत ठेवलेल्या चार बाटल्यांत घातल्या. एकीत नुसतं एरंडेल. एकीत वाटीला तीस थेंब. एकीत साठ. एकीत कडुनिंबाचं पाणी. मग धाकटा दर तासाला परीक्षेच्या निकालाला यावं तसा खिडकीपाशी येऊन बसायचा. संध्याकाळी तिशीच्या बाटलीत निम्म्या हलत होत्या. साठाच्या बाटलीत दोनच, कडुनिंबाच्या पाण्यात चार-पाच. नुसत्या एरंडेलातल्या मात्र आरामात पोहत होत्या.

"बाई खरं बोलल्या," धाकटा म्हणाला.

"बाईंनी पहिल्यापासून खरंच सांगितलंय. न ऐकणारे आपण."

सहाव्या दिवसापासून दोघांनी गोठा उपसला. गव्हाणीतला जुना चारा काढून जाळला. जमिनीचा वरचा वीतभर थर खरवडून शेताबाहेर नेला. भिंतींच्या भेगांत आधी पेटत्या चिंधीची धग फिरवली, आतून तडतड आवाज यायचा आणि धाकटा म्हणायचा, "गेलं एक बिऱ्हाड." मग माती, शेण आणि कडुनिंबाच्या बियांचा चोथा कालवून भेगा लिंपल्या. वहिनीच्या नखांच्या मुळांतून रक्त यायला लागलं. रात्री भिजत घातलेल्या बिया सकाळी वाटायच्या, गाळायच्या, पंपात भरायच्या. आधी धार, मग हात धुवायचे, मग फवारणी, मग कानांना आणि शेपटीच्या मुळाला तेल.

हा क्रम पहिल्याच दिवशी चुकला. तेलाच्या हातानं धार काढली गेली. दूध गोळा करणाऱ्यानं मापात ओतण्याआधी नाक लावलं आणि बरणी परत सरकवली. "वहिनी, गवती चहा तुम्हीच घातलाय की यात. आता साखर टाका आणि पिऊन टाका."

रांगेतली माणसं खदखदून हसली. वहिनी बरणी घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी तिनं राखेनं तीनदा हात धुतले, आणि बरणी त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "घ्या वास." त्यानं घेतला, आणि मुकाट्यानं ओतून घेतलं.

रोज दुपारी एकेक जनावर उन्हात उभं करून ती कान, मान, जांघ, शेपटीखाली बोटं फिरवायची. सातव्या दिवशी ओंजळभर निघाल्या. आठव्या दिवशी वाटीभरही नाही. पण तांबडी आणि बांडी या दोघी काही केल्या स्वच्छ होईनात. दोघींची कातडी जाड, केस दाट, आणि तांबडी तर शेपटीला हात लावला की लाथ झाडायची. वहिनीच्या मांडीवर काळानिळा खूर उमटला होता.

नवव्या दिवशी थोरला घरी आला. धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून तो अंगणात उतरला, लिंपलेल्या भिंतीकडे बघितलं, हवा हुंगली, आणि खाटेवर जाऊन पडला.

दहाव्या दिवशी सकाळी मात्र तो काठी घेऊन दारात उभा होता.

"तुम्ही कशाला?" वहिनी म्हणाली. "चक्कर येईल."

"मान खाली घालून आलोय मी त्या फाटकावरून. माझी मीच वर करणार."

वाटेत तो तीनदा थांबला. फाटकावर पंधराच्या पंधरा घरांची माणसं होती. कामधंदा सोडून बघायला आलेली.

मुकादमानं थोरल्याकडे बघून मान हलवली. "बरं वाटतंय?"

"गायी बघ," थोरला म्हणाला.

पहिला कान. मुकादमानं उलटा केला, वाकला, बोट घातलं. काही नाही. दुसरी गाय. तिसरी. कालवडीच्या मानेवर खपल्या धरल्या होत्या, तिथं त्यानं दोनदा बघितलं. पाचवीच्या कानात त्याला एक सापडली आणि तो सरळ झाला. "ही काय?"

"नखानं ढकला," वहिनी म्हणाली.

त्यानं ढकलली. वाळकं साल पडावं तशी ती खाली पडली. मागे कुजबूज झाली. सहावी. सातवी. मग बांडी. मुकादमानं शेपटी उचलली आणि हात बाहेर काढला तेव्हा चिमटीत एक जिवंत गोचीड पाय हलवत होती. तांबडीच्या अंगावर तशाच दोन निघाल्या.

"झालं," तो म्हणाला. "बोललो होतो. एक दिसली तरी माळ बंद."

"नऊंतल्या सात स्वच्छ आहेत," धाकटा पुढे झाला. "दहा दिवसांपूर्वी..."

"मी सातांचं बोललो नव्हतो. घराचं बोललो होतो."

त्यानं दांडा आडवा टाकला. तो लाकडावर आपटल्याचा आवाज झाला. थोरल्याची काठी मातीत रुतली होती.

वहिनी निघाली. ती घराकडे निघाली असं सगळ्यांना वाटलं. पण ती फाटकापाशी थांबलेल्या मुकादमाच्या कळपाकडे गेली आणि त्याच्या पुढच्या पांढऱ्या गायीची मान कुरवाळून तिनं कान उलटा केला. दहा दिवस तिच्या बोटांनी दुसरं काही केलंच नव्हतं. त्यांना शोधावं लागलं नाही.

कानात गच्च भरल्या होत्या. एकावर एक.

पंधरा घरांनी ते बघितलं. मुकादमाचं तोंड उघडं राहिलं. "या... या तुमच्याच आहेत," तो म्हणाला.

"सही करून सोडल्या होत्या का त्यांनी?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि हसू फुटलं. कुणीतरी दुसऱ्या गायीचा कान धरायला पुढे सरकला.

"वहिनी," थोरला म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले. "सोड तो कान."

तिनं सोडला. थोरला काठी टेकत मुकादमासमोर गेला.

"तुझ्या गायी जाऊ देत आत," तो म्हणाला. "आमच्या सात जाऊ देत. दोन आम्ही घरी नेतो, स्वच्छ झाल्या की आणतो. आणि यापुढे कान बघायचे तर सगळ्यांचे बघायचे. एकट्याचे नाही."

मुकादमानं आपल्या पांढऱ्या गायीकडे बघितलं. मग त्यानं दांडा उचलला. सात गायी एकामागून एक आत गेल्या आणि पहिल्याच गवताला तोंड लावून उभ्या राहिल्या. धाकटा त्यांच्यामागे गेला.

तांबडी आणि बांडीला घेऊन दोघं परतली. दुपारी वहिनीनं तांबडीला उन्हात बांधलं, वाटीत एरंडेल घेतलं आणि थेंब मोजायला लागली. थोरला खाटेवरून उठून आला. दवाखान्यातल्या सुयांनी त्याची नजर अजून धूसर होती, जवळचं दिसत नव्हतं. पालथ्या घातलेल्या बादलीवर तो बसला आणि तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. लाथ झाडणारी तांबडी त्याच्या हाताखाली शांत उभी राहिली. त्याची बोटं शेपटीच्या मुळाशी गेली, थांबली, आणि चिमटीत एक गोचीड घेऊन बाहेर आली.

"तू मला न विचारता लावलंस," तो म्हणाला. "कालवडीला. त्या दिवशी."

"हो."

"विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्याच्या घशातून काहीतरी आवाज आला. खोकला असावा असं तिला वाटलं, मग कळलं की तो हसतोय. त्यानं आणखी एक गोचीड काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि दुसरा हात पुढे केला.

"किती थेंब?"

"वाटीला साठ."

"साठ," तो म्हणाला. आणि पाढा विसरू नये म्हणून मूल म्हणतं तसं पुन्हा म्हणाला, "साठ." मग बाटली घेतली. हात कापत होता, म्हणून तिनं मनगटाखाली आपला हात धरला, आणि दोघं मिळून पहिल्यापासून मोजायला लागली.